वाटेवरची रोजंदारी

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं एका मोटारसायकलवर ॲडलेडहून निघालो आणि २०२५ च्या जानेवारीअखेर ॲडलेडलाच परतलो. मधल्या अकरा महिन्यांत ऑस्ट्रेलियाला एक पूर्ण वळसा झाला. गाडीच्या मीटरवर साडेसतरा हजार किलोमीटर वाढले. त्यातले जवळपास सहा महिने मात्र गाडी उभीच होती आणि आम्ही द्राक्षाच्या, रताळ्याच्या, आंब्याच्या शेतात होतो. निघताना खात्यात जेमतेम दोन महिने पुरेल एवढी रक्कम होती. पुढचा प्रत्येक टप्पा मागच्या कामाच्या पैशांवर पार पडला.

मी तासगावची. घरची द्राक्षबाग. मजुरी म्हणजे काय हे लहानपणापासून पाहत आले, पण बांधावरून. ओळीत उभं राहून ती पहिल्यांदा केली ती परदेशात. परतल्यापासून बरीच तरुण जोडपी विचारतात, आम्हालाही असं जमेल का? जमेल. त्यांच्यासाठी, आम्हाला जे कळलं ते क्रमानं लिहिते.

१. आधी कागद, मग गाडी

नवरा ॲडलेडला मास्टर्स करायला गेला होता. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर त्यालाही पूर्णवेळ काम करता येत होतं आणि जोडीदार म्हणून मलाही. आमचा सगळा प्रवास या एका परवानगीवर उभा होता. पर्यटक म्हणून जाऊन शेतात पैसे कमवू, असा विचार कुणी करत असेल तर तो आजच सोडावा. ते बेकायदा आहे, आणि कागद नसलेल्या मजुराला कमी पैशात राबवायला टपलेली माणसं तिथंही आहेत.

भारतीयांसाठी २०२४ पासून ऑस्ट्रेलियाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा सुरू झाला आहे. वय १८ ते ३०, वर्षाला एक हजार जागा, निवड सोडतीनं. जोडप्यानं हे ध्यानात घ्यावं की अर्ज दोघांचे वेगळे आणि नशीबही वेगळं. एकाचं नाव निघालं आणि दुसऱ्याचं राहिलं तर काय करायचं, ते अर्ज भरण्याआधी ठरवा.

त्यानंतर टॅक्स फाइल नंबर, दोघांची स्वतंत्र बँक खाती, मोटारसायकलचा परवाना. नवशिक्या परवान्यावर काही राज्यांत मागं कुणाला बसवताच येत नाही. नवऱ्याचा पूर्ण परवाना हातात येईपर्यंत आम्ही निघायचं लांबवलं, आणि ते योग्य झालं.

२. आधी हंगाम, मग नकाशा

आमच्या खोलीच्या भिंतीवर नकाशाच्या आधी पिकांचं वेळापत्रक लागलं. मिल्ड्युराला द्राक्षं फेब्रुवारी ते एप्रिल. क्वीन्सलँडमध्ये बंडाबर्गच्या आसपास हिवाळ्यातही भाजी, रताळी, संत्रावर्गीय फळं. डार्विन आणि कॅथरीनकडे आंबा सप्टेंबरअखेर ते डिसेंबर. पश्चिम किनाऱ्यावर कार्नार्वनला गॅस्कोइन नदीच्या काठी केळी आणि भाजीपाला. हे ठिपके जोडले आणि आमचा रस्ता तयार झाला.

देशाला वळसा घालणारा महामार्ग क्रमांक एक साधारण साडेचौदा हजार किलोमीटरचा आहे. पण उत्तरेत नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो. नद्या फुगतात, रस्ते बंद होतात, वादळं येतात. आंब्याचे दिवस आणि पावसाची चाहूल एकाच वेळी येते. कॅथरीनला आम्ही पैशाच्या मोहानं ठरल्यापेक्षा दोन आठवडे जास्त थांबलो. पुढं कुनुनरापर्यंतच्या पाचशे दहा किलोमीटरमध्ये दुपारचं तापमान चाळिशी ओलांडत होतं. संध्याकाळी विजा अशा उतरत होत्या की आम्ही गाडी सोडून रस्त्यापासून लांब, सखल जागी उकिडवे बसून राहिलो. त्या दोन आठवड्यांनी खिशात जे घातलं, ते भीतीनं वसूल केलं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला हे सांगायला कुणी लागायला नको होतं: हंगामाशी पैज लावू नये.

३. उक्तं की रोजानं, ते पहिल्या दिवशी विचारा

आमच्याकडे विरळणीची बायकांची टोळी आली की अप्पा म्हणायचे, “यंदा उक्तं दिलंय.” झाडामागं किंवा एकरामागं ठरलेली रक्कम. मला तो फक्त हिशेबाचा शब्द वाटायचा.

ऑस्ट्रेलियातही हेच दोन प्रकार आहेत: तासावर किंवा नगावर. २८ एप्रिल २०२२ पासून तिथल्या नियमानुसार फळबागेत नगावर काम करणाऱ्यालाही तासाला किमान वेतनाची हमी आहे, आणि मालकानं तास लिहून ठेवायचे आहेत. २०२४ च्या जुलैत किमान वेतन तासाला २४.१० डॉलर झालं. हंगामी कामगाराला त्यावर पंचवीस टक्के जादा, म्हणजे साधारण तीस डॉलर. तेव्हा डॉलर पंचावन्न रुपयांच्या आसपास होता. हे आकडे पाठ असलेला मजूर आणि नसलेला मजूर यांच्या आठवड्याच्या पगारात केवढा फरक पडतो, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

क्वीन्सलँडमधल्या एका गावात आम्ही मुकादमामार्फत कामाला गेलो. तिथं त्याला लेबर हायर कंत्राटदार म्हणतात, पण धंदा तोच. त्यानं आधी दोन आठवड्यांचं खाटेचं भाडं घेतलं. पहिल्या आठवड्यात काम तीनच दिवस. रताळ्याचे पैसे पेटीमागं, तासांची नोंद कुठंच नाही. मी मात्र रोज वहीत लिहीत होते: सुरू किती वाजता, सुट्टी किती वेळ, संपलं किती वाजता, पेट्या किती. हिशेब लावला तर तासाला सोळा डॉलर पडत होते. वही समोर ठेवली आणि सरकारी फेअर वर्क ओम्बड्समनकडे जाऊ म्हटलं. चार दिवसांनी फरक खात्यात आला. आमच्या शेजारच्या ओळीतल्या दोन मुलींनी तास लिहिले नव्हते. त्यांचा फरक बुडाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांच्या वाटणीची वही मी का लिहिली नाही, हे अजूनही टोचतं.

म्हणून: क्वीन्सलँड आणि व्हिक्टोरियात मुकादमाला परवाना लागतो आणि परवान्यांची यादी सगळ्यांना पाहता येते. काम घेण्याआधी ती पाहा. आधी भाडं मागणाऱ्यापासून सावध राहा. पगाराची पावती प्रत्येक आठवड्याला मागा. मालक तुमच्या नावानं निवृत्तिनिधीत जे भरतो, तेव्हा तो अकरा-साडेअकरा टक्के होता, तेही तपासा. तात्पुरत्या व्हिसावाल्याला देश सोडल्यावर कर कापून तो काढता येतो. तो तुमच्या घामाचा पैसा आहे.

४. हाताला येतं ते काम आधी शोधा

पहिलं काम आम्ही मुद्दाम मिल्ड्युराला धरलं, कारण द्राक्ष माझ्या हातातलं. १८८७ मध्ये चॅफी बंधूंनी मरे नदीचं पाणी उचलून तिथं वसाहत वसवली. आज मैलोन्‌मैल वेली आहेत. ज्याला आम्ही थॉमसन म्हणतो त्याला तिथं सुलताना म्हणतात. पहिल्याच दिवशी घड हातात घेतला, खराब मणी कात्रीच्या टोकानं काढले, देठ धरून पेटीत ठेवला, आणि ओळीवरची बाई म्हणाली, “तू हे आधी केलंयस.” मणी कुस्करू न देता घड फिरवायचा कसा, हे मला बांधावरून बघून बघून येत होतं.

शेजारच्या मळ्यात बेदाण्याचं काम चालू होतं. वाऱ्यावर एक वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलचा तो वास. मण्यावरचा मेणाचा थर सुटून पाणी लवकर उडून जावं म्हणून तासगावला आम्ही द्राक्षं ज्या द्रावणात बुडवतो, ते हेच. या पद्धतीला आमच्याकडची पुस्तकंही ऑस्ट्रेलियन पद्धत म्हणतात. आमच्याकडे शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत सुकवतात. इथं काही ठिकाणी काडी छाटून वेलीवरच फवारतात. दहा हजार किलोमीटरवर मला घरचा वास भेटला. त्या दिवसानंतर तो देश मला परका वाटला नाही.

नवरा संगणकाचा माणूस. त्याच्या हाताला द्राक्ष येत नव्हतं. तीन दिवसांनी तो स्वतःहून फोरमनकडे गेला आणि फोर्कलिफ्टच्या मागं पेट्या रचायचं काम मागून घेतलं. दोघांनी एकाच ओळीत राबायचा हट्ट धरू नये. ज्याचा हात जिथं चालतो तिथं त्याला जाऊ द्यावं.

५. पैशाचे तीन डबे

आजी धान्याच्या पैशाचे, दुखण्याचे आणि सणाचे डबे वेगळे ठेवायची. आम्हीही तीन केले. पहिला रोजचा: पेट्रोल, खाणं, मुक्काम. चालत्या दिवशी दोघांना साधारण पंचाण्णव डॉलर लागायचे. रस्त्याकडेच्या फुकट थांब्यावर तंबू ठोकला तर साठात भागायचं. दुसरा डबा गाडीचा: टायर, चेन, तेल. चांगल्या आठवड्यात दोघांचे मिळून हातात तेराशेच्या आसपास यायचे. त्यातले दीडशे डोळे झाकून या डब्यात. तिसरा डबा परतीचा: मुंबईच्या दोन तिकिटांचे पैसे. याला हात लावायचा नाही, कितीही अडचण आली तरी.

ऑक्टोबरमध्ये, डार्विनजवळ आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये रात्रपाळी चालू असताना फोन आला. सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका. तिसरा डबा उघडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा विमानात होता. बारा दिवस मी एकटीनं तिथं काम केलं. सासरे वाचले. तो डबा पेट्रोलात गेला असता तर आम्ही कुणाला तोंड दाखवलं असतं, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

६. अंगाची गाडीएवढी तरी काळजी घ्या

आंब्याच्या चिकानं मला धडा शिकवला. पहिल्या दिवशी उकाड्यामुळं मी बाह्या दुमडल्या. तिसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत फोड. आईला फोनवर दाखवलं तर ती लगेच म्हणाली, “अगं, बिब्बा उतल्यासारखं दिसतंय.” तिचं बरोबर होतं. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. पूर्ण बाह्या, हातमोजे, देठ मोडताना तोंड बाजूला, आणि चीक लागला की लगेच धुणं: इतकंच करायचं असतं. पहिल्या आठवड्याचे पैसे बुडतील म्हणून दुखणं लपवू नये. मी लपवलं आणि चार दिवसांऐवजी नऊ दिवस बसून राहिले.

पाण्याचं गणितही असंच. काम असो की रस्ता, तहान लागायची वाट पाहायची नाही. गाडीवर दहा लिटर पाणी कायम असायचं, आणि त्याला फक्त पिण्यासाठी हात लावायचा.

७. लांबचा रस्ता तुमच्या घाईवर चालत नाही

आमची गाडी वापरलेली हिमालयन. टाकी पंधरा लिटरची. एकटा माणूस असता तर पेट्रोल आणखी लांब गेलं असतं, पण दोघं, सामान आणि समोरून वारा असला की लिटरला चोवीसवर यायची. ब्रूमजवळचं रोबक रोडहाउस सोडलं की दक्षिणेला सँडफायर रोडहाउस जवळपास २९० किलोमीटरवर. मध्ये पेट्रोल मिळेल या आशेवर जायचं नसतं. आम्ही पाच लिटरचा कॅन बांधला आणि ताशी पंच्याऐंशीच्या वर गेलो नाही.

रोड ट्रेन म्हणजे एका इंजिनामागं तीन-चार ट्रेलर, लांबी ५३.५ मीटरपर्यंत. समोरून ती गेली की आधी वारा ढकलतो, मग आत ओढतो. त्या क्षणी मागं बसलेल्यानं अंग हलवायचं नाही, चालवणाऱ्याला चिकटून राहायचं. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून सूर्य कलला की आम्ही थांबायचो. मेलेल्या जनावरावर बसलेले मोठे गरुड जड होऊन सावकाश उठतात, अगदी तुमच्या छातीच्या उंचीवर. त्यांना उठायला वेळ द्यायचा.

नलरबोरच्या मैदानावर बॅलाडोनिया ते कायगुना १४६.६ किलोमीटरचा रस्ता एका रेषेत जातो. एकही वळण नाही. जानेवारीचं ऊन. तिथं झोप हाच मोठा धोका. दर चाळीस किलोमीटरला आम्ही उतरून चेहऱ्यावर ओलं फडकं फिरवायचो. पुढं सेडूनाला फळमाशी रोखण्यासाठी तपासणी असते. फळं, भाज्या आणता येत नाहीत. आमच्याकडची शेवटची दोन लिंबं आम्ही तिथं पेटीत टाकली. फळबागेत घाम गाळलेला माणूस तो नियम कुरकुर न करता पाळतो.

८. भांडण हेल्मेटमध्ये न्यायचं नाही

एका गाडीवर दोन माणसं दिवसाचे सहा तास. हेल्मेटमध्ये बोलायचं यंत्र होतं. टाउन्सव्हिलच्या पुढं एकदा पैशावरून वाजलं आणि त्याच्या हातातलं थ्रॉटल रागानं फिरलं. मागं बसलेलीला ते पाठीच्या कण्यात कळतं. त्या दिवशी नियम केला: राग आला की म्हणायचं “थांब”, गाडी कडेला, हेल्मेट काढायची, मग बोलायचं. अकरा महिन्यांत आम्ही सतरा वेळा असे थांबलो. एकदा दीड तास. पण चालत्या गाडीवर पुन्हा कधी भांडलो नाही.

दुसरा नियम: कामाच्या ठिकाणी आठवड्यातली एक संध्याकाळ प्रत्येकाची एकट्याची. तो नदीवर गळ टाकून बसायचा, मी आईशी तासभर बोलायची. बायका फोनवर काय बोलतात, असं त्यानं कधी विचारलं नाही, आणि मासा का मिळाला नाही, असं मी विचारलं नाही. तेवढ्या अंतरावर संसार छान चालतो.

९. आधी आलेल्या माणसांना विसरू नका

परदेशी वाटेवर काम करून पुढं जाणारे आपण पहिले नाही. १९८२ ते १९८४ मध्ये एल्सपेथ बेअर्ड ही इंग्लंडची तरुणी एकटीनं मोटारसायकलवर जगाला फेरी घालून आली. ती वास्तुकलेची विद्यार्थिनी होती, आणि पुढच्या प्रवासाचे पैसे तिनं सिडनीत एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत काही महिने काम करून उभे केले.

आम्हाला जास्त जवळची वाटली ती वूलगूल्गाची गोष्ट. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरचं हे छोटं गाव. पंजाबातून आलेली शीख माणसं तिथं केळीच्या बागांत मजूर म्हणून राबली आणि पुढं त्याच बागांची मालक झाली. १९६८ मध्ये तिथं ऑस्ट्रेलियातला पहिला गुरुद्वारा उभा राहिला. पावसात चिंब भिजून आम्ही लंगरमध्ये बसलो. वरण-भाताची आठवण काढत होतो, तेवढ्यात ताटात गरम डाळ पडली. वाढणाऱ्या आजोबांनी विचारलं, कुठं काम करता? मी म्हटलं, जिथं पीक असेल तिथं. त्यांनी माझे तळवे उलटे करून पाहिले, कात्रीचे घट्टे पाहिले, आणि आणखी एक रोटी वाढली. प्रवासी म्हणून आमचा आदर अनेकांनी केला. कामकरी म्हणून तो त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

१०. ओळीच्या आत उभं राहिलेलं पाऊल मागं घेऊ नका

ऑस्ट्रेलियात शेतावर सकाळच्या चहाच्या सुट्टीला ‘स्मोको’ म्हणतात. दहाच्या सुमाराला हाक येते, कात्र्या खाली ठेवतात, सगळे सावलीत बसतात. मालकही. पहिल्या दिवशी मी बसले नाही, वाटलं तेवढ्यात एक पेटी होईल. शेजारची बाई म्हणाली, “बस. ही वेळ तुझी आहे.” त्या पंधरा मिनिटांनी पुढचे चार तास कसे सुसह्य होतात, हे पाठीला कळलं.

परवाच्या दिवाळीनंतर तासगावला गेले तेव्हा बागेत विरळणी चालू होती. मी कात्री घेतली आणि ओळीत शिरले. माझ्या बाजूच्या मावशींची दोन झाडं होईस्तोवर माझं एक होत होतं. त्या आमच्या बागेत वीस वर्षं येतात. त्यांना झाडामागं किती मिळतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी विचारलं. त्यांनी आकडा सांगितला. मी तो मनात तासांवर आणला आणि गप्प झाले. मग विचारलं, सकाळपासून बसलात कधी? त्या म्हणाल्या, “उक्त्यात कोण बसतंय, बाई?”

रात्री जेवताना अप्पांना सगळं सांगितलं: रताळ्याची वही, सोळा डॉलर, त्या दोन मुली, स्मोको. ते काही बोलले नाहीत. मध्येच जेवण थांबवून त्यांनी इतकंच विचारलं, “तुला तिथं पाणी कोण द्यायचं?”

सकाळी बागेच्या टोकाला चार बांबू आणि ताडपत्री उभी होती. खाली माठ, वर झाकण, दोन पेले. दर झाडामागं दोन रुपये वाढवल्याचं मला मावशींकडून कळलं, अप्पांकडून नाही. आता रोज दहा वाजले की बागेतला कात्र्यांचा आवाज थांबतो.